शकुन, गूळ आणि माफी

हिंगोलीत पत्ता विचारला की आजही पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी नावं कानावर पडतात. फौज जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, नावं मात्र टिकली. पगार निजामाच्या खजिन्यातून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही फौज पुढे 'हैदराबाद काँटिंजंट' म्हणून ओळखली गेली. हिंगोली हे तिचं वऱ्हाडच्या वेशीवरचं ठाणं. १९०३ साली काँटिंजंट ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. त्याआधीच्या तीन पिढ्या कयाधूकाठच्या या गावात शिपाई, स्वार, तोफा, दवाखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेली बाजारपेठ नांदत होती. छावणीत पगार रोख मिळे, म्हणून व्यापारी येत. व्यापारी येत, म्हणून रस्त्यांवरून माल आणि पैसा वाहत असे. आणि असा माल जिथून जातो, तिथे त्यावर नजर ठेवणारेही असतात.

१८३०च्या आसपास हरीसिंग नावाचा एक व्यापारी इथे राहत होता. पत असलेला, चार साहेबांशी देणंघेणं असलेला माणूस. पुढे नळदुर्गला अधिकारी झालेला आणि तुळजापूरच्या परिसरावर 'तारा' ही कादंबरी लिहिणारा फिलिप मेडोज टेलर तेव्हा निजामाच्या नोकरीत होता. त्यानेही हरीसिंगाकडून खरेदी केली होती. १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत टेलरने हे स्वतः नोंदवलं आहे, आणि त्याच प्रस्तावनेत हरीसिंगाची खरी ओळखही दिली आहे. हा गृहस्थ त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या होता.

त्याची एक हकीकत टेलर सांगतो. हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघाला आहे, ही खबर हरीसिंगाला लागली. त्याने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला : मुंबईहून कापड आणायचं आहे, परवाना मिळावा. परवाना मिळाला. वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरं हाकणाऱ्यांना ठार करण्यात आलं. माल सरकारी परवान्यावर राजरोस हिंगोलीत आला आणि छावणीत उघडपणे विकला गेला. पकडला गेल्यावर हरीसिंगाने स्वतःच सांगितलं नसतं, तर हे कोणाला कळलंही नसतं.

याहून भयंकर होतं ते बाजारातलं. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली होती. पुढे माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांनी एकेक जागा दाखवली, खणायला लावलं आणि प्रत्येक खड्ड्यातून अनेक प्रेतं निघाली. टेलर त्या वेळी तिथे हजर होता. दाखवणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. पाहणाऱ्यांना मात्र ते सहन होईना, आणि कित्येक ठिकाणी त्यांनी पुढचा शोधच सोडून दिला.

इतिहासकारांनी ठगांबद्दलच्या इंग्रजी लिखाणावर पुष्कळ शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. देशभर पसरलेला, देवीच्या नावाने खून करणारा एकच गुप्त पंथ हे चित्र बऱ्याच अंशी साहेबांच्या कल्पनेतून आणि साक्षीदारांच्या जबान्यांतून रंगलं. पण वाटसरूंना विश्वासात घेऊन मारणाऱ्या टोळ्या होत्या, आणि हिंगोलीच्या जमिनीतून निघालेली प्रेतं ही कोणाची कल्पना नव्हती. या एका गावात एक प्रश्न फार जवळून पाहता येतो. बक्षीस कशातून मिळेल आणि शिक्षा कुठून येईल, हे माणसाचं मन शिकतं कसं? आणि कुठे शिकत नाही?

स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९८०-९०च्या दशकांत माकडांवर केलेले प्रयोग या प्रश्नाच्या मुळाशी जातात. मध्यमेंदूतल्या काही मोजक्या पेशी डोपामिन हे रसायन सोडतात. त्या कधी चेततात हे शुल्ट्झ बारीक तारेने टिपत होते. माकडाच्या तोंडात फळांच्या रसाचा थेंब अचानक पडला की या पेशी उसळत. मग रस देण्याआधी दिवा लावायला सुरुवात केली. काही फेऱ्यांनंतर पेशी रसाला उसळेनाशा झाल्या. त्या आता दिव्याला उसळत होत्या. आणि दिवा लावूनही रस दिला नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी त्या पेशी नेहमीपेक्षाही शांत होत. म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत या पेशी मोजत होत्या. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर उसळी, कमी मिळालं तर घसरण, आणि अपेक्षेइतकंच मिळालं तर काहीच नाही. १९९७ साली पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत शुल्ट्झ यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हे गणितासह मांडलं. शिक्षेच्या बाजूचं कामही पुढे उलगडत गेलं. हॅबेन्युला नावाच्या एका लहानशा भागातल्या पेशी अपेक्षित बक्षीस हुकलं किंवा त्रास होणार असं चिन्ह दिसलं की चेततात आणि डोपामिनच्या पेशींना दाबतात. भीतीची खूणगाठ बांधण्यात अमिग्डाला या मेंदूतल्या भागाचा वाटा मोठा आहे.

माकडाच्या रसावरून माणसाच्या खुनाचा खुलासा होतो, असं कोणीही समजू नये. लोभ, दारिद्र्य, घराण्यातून आलेला धंदा, मोडकळीला आलेली राज्यं यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. पण तफावतीतून शिकण्याची ही रीत एकदा ध्यानात घेतली की हिंगोलीच्या गोष्टीतल्या काही जागा वेगळ्याच उजेडात दिसू लागतात. त्यातली पहिली जागा शकुनांची.

पावसाळाभर घरची शेती पाहायची आणि दसरा उलटला की बाहेर पडायचं, असा बहुतेक टोळ्यांचा रिवाज होता. निघताना काय करायचं याचं तपशीलवार वर्णन विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या जबान्यांवरून १८३६ साली छापलं. टोळीचा म्होरक्या पाण्याने भरलेला पितळी लोटा दातांत धरून लटकवी, रुमालात बांधलेली कुदळ जवळ घेई आणि ज्या दिशेने जायचं त्या दिशेला तोंड करून भवानीला शकुन मागे. लोटा दातांतून निसटला तर तो त्या वर्षात किंवा पुढच्या वर्षात मरणार असं मानत. मग सगळे वाट पाहत. आधी डाव्या बाजूने पक्ष्याचा किंवा जनावराचा आवाज यायला हवा, तो 'पिल्हाव'. त्यानंतर उजव्या बाजूने, तो 'थिबाव'. मुक्कामाला उतरताना हाच क्रम उलटा हवा. घुबड, कोल्हा, ससा, प्रत्येकाचा वेगळा अर्थ. गाढवाचा मान सगळ्यांत मोठा : त्याचं एक ओरडणं शंभर पाखरांच्या बरोबरीचं.

मराठवाड्याच्या माळावर भल्या पहाटे काही तास बसून राहिलं, तर डावीकडून काही ना काही ओरडतंच आणि उजवीकडूनही. शकुन मिळणं अवघड नव्हतं. आणि पुढे शिकार साधली जाई ती शकुनामुळे नाही. दिवसचे दिवस वाटसरूसोबत चालायचं, त्याच्याबरोबर जेवायचं, गाणी म्हणायची, चोरांपासून सोबत म्हणून विश्वास मिळवायचा आणि ठरल्या जागी, ठरल्या इशाऱ्यावर गळ्यात रुमाल टाकायचा, या मुरलेल्या कसबामुळे ती साधे. पण आधी आवाज आणि मागून लूट, ही जोडी पुन्हा पुन्हा घडत होती. दिवा आणि रसासारखी.

अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली हेच कबुतरांत दाखवलं. उपाशी कबुतरं पिंजऱ्यात ठेवली आणि दर १५ सेकंदांनी दाणे समोर येतील अशी सोय केली. कबुतराने काहीही केलं किंवा न केलं, तरी दाणे येणारच होते. काही काळाने आठपैकी सहा कबुतरांना स्वतःची अशी एक लकब लागली. एक डावीकडे गोल फिरू लागलं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं, एक मान वर झटकू लागलं. दाणे आले तेव्हा जे चाललं होतं तेच दाणे आणतं, अशी त्यांची गाठ बसली. स्किनर यांनी या निबंधाच्या शीर्षकातच 'अंधश्रद्धा' हा शब्द वापरला. या निष्कर्षावर पुढे वाद झाले, पण योगायोगाची जोडी मनात किती घट्ट बसते हे त्यातून दिसलंच. दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीमधी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय जास्त चिवट असते, हेही पुढच्या अनेक प्रयोगांत आढळलं.

आता शकुन चांगला होऊनही डाव फसला तर? इथे तफावतीने शिकवायला हवं होतं. प्रत्यक्षात दर अपयशाला उत्तर तयार होतं. नियम मोडला. बाई मारली. धोबी, तेली, भाट, लोहार, सुतार, फकीर अशा वर्ज्य लोकांपैकी कोणी मारला गेला. स्लीमनसमोर कैद्यांनी आपल्या सर्वनाशाचं कारण हेच सांगितलं : जुन्या पिढीने शकुन पाळले, आम्ही पाळले नाहीत, म्हणून देवीने पाठ फिरवली. सरकारी घोडदळ, एकत्र केलेल्या जबान्या, घराण्यांच्या वंशावळी, यांतलं काहीही त्यांच्या हिशेबात आलं नाही. चूक दिसत होती, पण ती शकुनाच्या खात्यावर कधी पडलीच नाही. खात्यावर पडली नाही, म्हणून विश्वास फाशीच्या तख्तापर्यंत शाबूत राहिला.

गुळाची गोष्टही इथेच यावी. काम फत्ते झालं की सव्वा रुपयाचा गूळ आणून तो घोंगडीवर ठेवत. म्होरक्या पश्चिमेला तोंड करून बसे, समोर कुदळ आणि चांदीचं नाणं ठेवून प्रार्थना होई आणि गूळ वाटला जाई. याला 'तुपोनी' म्हणत. ज्याने स्वतःच्या हाताने माणूस मारला त्यालाच तो मानाचा गूळ, नवख्यांना नाही. हा गूळ एकदा चाखला की माणूस पुन्हा दुसऱ्या धंद्याचा राहत नाही, असं फिरंगिया या नामांकित ठगाने स्लीमनला सांगितलं होतं. गुळात तशी जादू नव्हती, पण त्याच्या निरीक्षणात तथ्य आहे. लुटीची वाटणी पुढे कधीतरी, कदाचित मुलूख ओलांडल्यावर होणार. मेंदू सर्वांत पक्कं शिकतो ते कृतीच्या पाठोपाठ येणाऱ्या बक्षिसातून. सव्वा रुपयाचा गोड घास, टोळीतला मान आणि वडीलधाऱ्यांची शाबासकी हे सगळं खुनानंतर लगेच हाती पडत होतं. पहिल्या वेळी पोटात उठणाऱ्या भीतीवर ते थरावर थर चढवत गेलं असणार. मराठी घरात सव्वा रुपया आणि गूळ म्हणजे मंगल. त्याच मंगल वस्तूंनी हे काम व्हावं, ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

मग उरते ती बाजाराची गोष्ट. ठग चुकीचं शिकले, पण हिंगोली तर काहीच शिकली नाही. माणसं नाहीशी होत होती आणि हरीसिंगाच्या दुकानात माल येत होता. गावाला भीती कशी वाटली नाही?

एक कारण वेळेचं. वाटसरू मरे तो परगावचा. तो परतला नाही हे त्याच्या घरी कळायला महिने लागत, आणि हिंगोलीत कोणाला त्याचं नावही ठाऊक नसे. चिन्ह आणि शिक्षा यांच्यात इतकं अंतर पडलं की गाठ बसतच नाही. दुसरं कारण जास्त खोल आहे आणि ते कॅनडातल्या लिऑन केमिन यांच्या उंदरांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं. आवाज झाला की विजेचा झटका बसतो हे उंदरांना आधी पक्कं शिकवलं. मग आवाजासोबत दिवाही लावून तोच झटका दिला. नंतर नुसता दिवा लावला, तर उंदीर घाबरले नाहीत. दिवा कितीदा तरी झटक्याबरोबर आला होता, पण झटक्याचा खुलासा आवाजाने आधीच केलेला असल्यामुळे दिव्याबद्दल शिकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

१८३०च्या दख्खनेत माणूस वाटेत नाहीसा होण्याला कारणांचा तोटा नव्हता. पटकी होती, हिवताप होता, पुराचे नदीनाले होते, वाघ होता, पेंढाऱ्यांची आठवण ताजी होती. परगावचा माणूस परतला नाही, तर घरचे यांपैकी एखादं नाव घेऊन रडत. खुलासा आधीच हजर होता, म्हणून हरीसिंगाकडे कोणाचं लक्ष वळलं नाही. त्यात छावणीचा पहारा. पहारा म्हणजे सुरक्षितता ही खूणगाठ इतकी पक्की होती की पहाऱ्यापासून शंभर यार्डांवर धोका असू शकतो, ही शंकाही कोणाच्या मनाला शिवली नाही. रेनॉल्ड्ससारखा अधिकारी परवान्यावर सही करतो, यावरून त्याच्या बुद्धीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या अनुभवात हरीसिंगाने कधी दगा दिलेलाच नव्हता.

हा बंद दरवाजा उघडला तो माफीने. पकडलेल्या ठगासमोर फाशी होती, आणि सगळं खरं सांगून साथीदारांविरुद्ध साक्ष दिली तर जीव वाचणार होता. एक खून लपवल्याचं उघड झालं की माफी रद्द. ज्या माणसांना आयुष्यभर गप्प राहण्याचं बक्षीस मिळालं होतं, त्यांच्यासाठी बोलण्याचं बक्षीस एकाएकी सर्वांत मोठं ठरलं. सरकारी नोंदींनुसार १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठग पकडले गेले. त्यांतले ४१२ फासावर गेले आणि ४८३ माफीचे साक्षीदार झाले. उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या वाट्याला काळं पाणी किंवा जन्मठेप आली.

पण बोलण्याचं बक्षीस देताना एक धोका असतो. साहेबाला काय ऐकायचं आहे हे साक्षीदार फार लवकर शिकतो. जितकी नावं, जितके खून, जितकी देवीची रहस्यं, तितकी त्याची किंमत वाढते. अशा जबानीला तफावतीची कसोटी लावावीच लागते, आणि हिंगोलीत ती लागली. साक्षीदार म्हणाला इथे खणा. खणलं. प्रेतं निघाली. निघाली नसती, तर जबानी खोटी ठरली असती. जमीन कोणाच्या बक्षिसाला भुलत नव्हती. म्हणून या गावातल्या ठगांबद्दल जे कळलं, त्यावर इतर पुष्कळ कहाण्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवता येतो.

कायद्याने मात्र ती कसोटी ढिली केली. १८३६च्या ३०व्या कायद्याप्रमाणे अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढं साक्षीवरून ठरलं, तरी जन्मठेप देता येऊ लागली. खड्डा खणायची अट गेली. आरोप चुकला आहे हे दाखवणारं काहीच समोर येईना, तेव्हा दर शिक्षा पुढच्या शिक्षेचा पुरावा बनली. शकुन कधी खोटा न ठरू देणारे ठग आणि साक्ष कधी खोटी न ठरू देणारं सरकार, दोघांच्या शिकण्यातली खोट एकाच जातीची होती.

ती खोट १८७१ साली पूर्ण वाढीला आली. गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदवण्याचा अधिकार सरकारला दिला. ठगांविरुद्धच्या मोहिमेत रुजलेली 'पिढीजात गुन्हेगार' ही कल्पना त्याच्या मुळाशी होती. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११नंतर मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' उभी राहिली. मोठ्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायचं तर पास घ्यावा लागे. घडलेल्या गुन्ह्याला शिक्षा देण्याऐवजी पुढे घडेल अशा गुन्ह्याचा अंदाज बांधून शिक्षा दिली जात होती, आणि अंदाजाचं चिन्ह होतं जात.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला, त्यात नोंद जमातीची नसून व्यक्तीची होती. पण शिकलेली गाठ सहज पुसली जात नाही, हे पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले तेव्हापासून माहीत आहे. घंटा वाजूनही खाणं आलं नाही तर कुत्र्याची लाळ थांबते, काही काळ मध्ये गेला की तीच घंटा ऐकून पुन्हा सुटते. भीतीचंही तसंच. जुनं शिकणं खोडलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकणं बसतं, आणि नव्या जागी, नव्या प्रसंगात जुनं पुन्हा वर येतं. लक्ष्मण गायकवाड यांना १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळवून देणारं 'उचल्या' हे आत्मकथन कायदा रद्द झाल्यानंतरच्या मराठवाड्यातलं आहे, आणि तरी त्यात पोलिसाची चाहूल ही घरातल्या प्रत्येकाच्या अंगात भिनलेली आहे. गावाजवळ चोरी झाली की चौकशी आधी पारध्याच्या पालावर जाते, ही तक्रार आजही ऐकू येते. दर ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाच्या सभांत भटक्या-विमुक्तांच्या संघटना जातीच्या दाखल्यांच्या आणि घरकुलांच्या मागण्यांबरोबर ती मांडतात.